२१२२ चं शून्य कुठे गेलं? : ६१७४ या संख्येचं एक प्रकरण

आठवी ‘ब’चा ऑफ तास माझ्या वाट्याला आला की मी फळ्यावर ६१७४ चा खेळ मांडतो. गेली चार वर्षं मांडतोय. पाठकोरा कागद, पेन आणि हातचा न विसरण्याची सवय, एवढ्यावर भागतं. या वर्षी मात्र खेळ मध्येच अडला, आणि अडला तो माझ्याच सूचनेमुळे. त्याची ही नोंद.

खेळ असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखाली चढत्या क्रमाने लिहायचे आणि वजाबाकी करायची. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं, आणि आलं की हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४. मी उत्तर आधीच एका चिठ्ठीवर लिहून डस्टरखाली ठेवतो. थोडा नाटकीपणा असतो त्यात, पण ऑफ तासाला तो लागतोच.

हजर मुलं ४१. सांगितलं की ‘कोणतीही संख्या घ्या’, तरी निम्म्या वर्गाने जन्मसाल घेतलं. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत दोनच गणितं वीस तोंडांतून ऐकू आली. २०११ वाल्यांचं: २११० − ०११२ = १९९८, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. २०१२ वाल्यांचं: २०८८, ८५३२, ६१७४. ‘आलं, आलं’ सुरू झालं.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, माझं संपलं.”

“किती आलं?”

“शून्य.”

वजाबाकी चुकली असणार, हा माझा पहिला समज. वही पाहिली. तिने २१२२ घेतले होते. २२२१ − १२२२ = ९९९. बरोबर. ९९९ चे अंक उतरते लावा, चढते लावा, ९९९ च. वजा केले, शून्य. तेही बरोबर. डस्टरखालची चिठ्ठी तिथेच राहिली.

“अगं, ९९९ च्या आधी एक शून्य लाव.”

“पण डावीकडच्या शून्याला किंमत नसते ना, सर?”

हे वाक्य माझंच. दर वर्षी, दर वर्गात मी ते सांगतो. शेजारची मुलगी लगेच, “मग आम्हीपण लावायचं का?” मागच्या बाकावरून, “तिला एकटीला सूट का?” घंटा झाली म्हणून सुटलो.

घरी जाऊन वह्यांचे कागद पाहिले तेव्हा खरा घोटाळा कळला. २०११ वाल्या बऱ्याच मुलांनी खालची संख्या ०११२ लिहिलीच नव्हती, नुसते ११२ लिहिले होते. २११० मधून ११२ वजा करा की ०११२, उत्तर तेच. म्हणजे शून्य टाकून देण्याची सवय वर्गभर होती. बाकीच्यांच्या बाबतीत त्या सवयीने काही बिघडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. २१२२ वालीने वेगळी चूक केलीच नव्हती. तिच्या संख्येत ती सवय उघडी पडली, इतकंच.

अशा संख्या किती, हे मोजणं सोपं आहे. पहिल्याच वजाबाकीत ९९९ यायला तीन अंक सारखे हवेत आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी किंवा जास्त. लागोपाठच्या अंकांच्या जोड्या नऊ (०–१, १–२, … ८–९), प्रत्येक जोडीच्या आठ मांडण्या, म्हणजे ७२. त्यांतल्या ०००१, ००१०, ०१०० आणि ०१११ चार अंकी नाहीत. राहिल्या ६८. खेळाला चालणाऱ्या संख्या ९,००० वजा ९, म्हणजे ८,९९१. मुलं डोळे मिटून संख्या निवडत असतील तर ४१ जणांत असं कुणीतरी निघण्याची शक्यता साधारण २७ टक्के येते. चार वर्षं माझ्यावर ही वेळ आली नाही याचं श्रेय नशिबाला, माझ्या शिकवण्याला नाही.

‘उत्तर चार अंकी नसेल तर डावीकडे शून्य लावा’ एवढी तळटीप दुसऱ्या दिवशी देऊन मोकळं होता आलं असतं. बहुतेक ठिकाणी ६१७४ ची ओळख अशीच करून देतात: जादू, आणि जादूच्या पायाशी बारीक अक्षरात अट. पण त्या मुलीला अट नको होती, कारण हवं होतं.

देवळालीचे मास्तर

ही संख्या शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेतच शिकवत होते. जन्म १९०५, डहाणू. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, आणि मग नोकरीची सगळी वर्षं नाशिकजवळ देवळालीला मास्तरकी केली. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त आला. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे रेल्वे स्टेशनचं नाव दिलं, तर दुसऱ्या एका प्रकाराला देवळालीचं. संख्यांना आपल्या येण्याजाण्यातल्या गावांची नावं देणारा माणूस म्हणून मला ते जवळचे वाटतात.

त्यांचं जन्मसाल खेळात घालून पाहा. १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात वजाबाक्या. ते वारले १९८६ साली. १९८६ पहिल्याच वजाबाकीत ८१७२ वर येते आणि पुढे त्याच वाटेला लागते. याला काही अर्थ नाही. सात वजाबाक्या लागणाऱ्या संख्या १,९८० आहेत, पाचांतली एक तरी म्हणा. तरीही वर्गात हे सांगितलं की मुलं गप्प होतात.

फळ्यावर

दुसऱ्या दिवशी दोन तास घेतले.

उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड धरा. वरची संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. खालची १०००ड + १००क + १०ब + अ. वजा करा: ९९९(अ − ड) + ९०(ब − क). संपलं. उत्तर ठरवायला चार अंक लागतच नाहीत, दोन फरक पुरतात. मुलांनी त्यांना नावं दिली, बाहेरचा फरक आणि आतला फरक. बाहेरचा १ ते ९ पैकी काहीही, आतला शून्यापासून फार तर बाहेरच्याइतका. अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४. म्हणजे ८,९९१ संख्यांची जत्रा पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येते. ‘कुठलीही संख्या घ्या’ यातला निम्मा चमत्कार इथेच उतरतो.

आता हातचा घेत उत्तराचे अंक लिहा. बाहेरचा फरक प, आतला फ. फ निदान १ असेल तर हजारच्या घरात प, शतकात फ − १, दशकात ९ − फ आणि एककात १० − प. म्हणजे टोकाच्या दोन अंकांची बेरीज नेहमी १० आणि मधल्या दोघांची नेहमी ८. मुलांनी कालचे कागद काढले. ८५३२: ८ आणि २, ५ आणि ३. ४१७६: ४ आणि ६, १ आणि ७. ६१७४: ६ आणि ४, १ आणि ७. कालच्या ‘आलं, आलं’पेक्षा हा गलका मोठा होता. काल उत्तर आलं होतं. आज त्यांनी स्वतःच्या वहीत, कुणी न सांगता पडलेली नक्षी पाहिली.

आणि फ शून्य असेल तर? उत्तर नुसतं ९९९ × प. मी फळ्यावर वरून लिहीत गेलो: ८९९१, ७९९२, ६९९३, ५९९४, ४९९५, ३९९६, २९९७, १९९८. कुणीतरी ओरडलं, “सर, हा ९९९ चा पाढा आहे.” होताच. मधले दोन नेहमी ९, टोकांची बेरीज नेहमी ९. हजारच्या घरातला अंक एकेकाने उतरतोय. १९९८ च्या खाली काय येणार, हे मी विचारलं नाही. २१२२ वालीनेच सांगितलं: “शून्य, नऊ, नऊ, नऊ.”

तिचं शून्य बाहेरून चिकटवलेलं नव्हतं. ०९९९ ही त्या पाढ्यातली पहिली संख्या आहे, आणि ती काढली तर नक्षीची एक पायरी गळते. ‘डावीकडच्या शून्याला किंमत नाही’ हे संख्येबद्दल खरं आहे. पण कापरेकरांची क्रिया संख्येवर चालतच नाही, ती चार घरांवर चालते. घर रिकामं दिसलं तरी ते पाडायचं नसतं. ०९९९ घेऊन पुढे गेलं की ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. २१२२ पाच वजाबाक्यांत घरी पोहोचते.

माझी सूचना आता बदलली आहे. ‘चार अंकी संख्या घ्या’ म्हणत नाही. चार चौकोन आखायला लावतो.

दुसऱ्या तासाचा प्रश्न: थांबते ती ६१७४ वरच का? टोकांची जोडी ५ च्या दोन्ही बाजूंना सारखीच लांब असते (६ आणि ४, एक-एक लांब). मधली जोडी ४ च्या दोन्ही बाजूंना सारखीच लांब (१ आणि ७, तीन-तीन). या दोन लांबी वेगळ्या असतील तर जास्त लांबीची जोडी दुसरीला पोटात घेते. मग नवा बाहेरचा फरक मोठ्या लांबीच्या दुप्पट आणि नवा आतला लहान लांबीच्या दुप्पट. दोन्ही सम. आतला शून्य नसेल तर असे सहाच पर्याय निघतात, आणि त्यांची उत्तरं ४१७६, ६१७४, ६३५४, ८१७२, ८३५२ आणि ८५३२. यांना पुन्हा फिरवा: स्वतःवर परत येते ती फक्त ६१७४, कारण लांबी ३ आणि १, दुप्पट ६ आणि २, आणि ६ व २ या फरकांचं उत्तर ६१७४. लांबी सारख्या असतील तर जोड्या एकमेकींत अडकतात आणि १०८९, ३०८७, ५२६५, ७४४३, ९६२१ यांपैकी एक मिळते; त्यांतली एकही स्वतःवर येत नाही. ९९९ च्या पाढ्यातलीही नाही. हे सगळं हाताने तपासता येतं, मुलांनी तपासलं. एकाने ३०८७ मध्ये चूक केली आणि दुसऱ्या बाकाने ती पकडली.

चार घरं सोडली तर

मुलं चारवर थांबणार नाहीत हे माहीत होतं. तीन अंकी खेळ सरळ आहे, उत्तर ९९ च्या पाढ्यात पडतं आणि ४९५ वर थांबतं. दोन अंकी थांबतच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, गोल गोल. पाच अंकींत एकही स्थिर संख्या नाही, तीन वेगवेगळ्या फेऱ्या आहेत. सर्वांत लहान फेरी दोघींची, ५३९५५ आणि ५९९९४, एकमेकींकडे चेंडू टोलवत बसलेल्या. सहा अंकींत ५४९९४५ आणि ६३१७६४ स्थिर, शिवाय सात संख्यांची एक फेरी.

६३१७६४ नीट पाहा. ६१७४ च्या पोटात एक ३ आणि एक ६ घातलाय. आणखी एकेक घाला, ६३३१७६६४. तीही आठ अंकींत स्थिर आहे.

मग प्रश्न आलाच, “सर, मोबाईल नंबर?” दहा अंकी. ६३३३१७६६६४ स्थिर आहे. ९८७६५४३२१० मधून ०१२३४५६७८९ वजा करा, ९७५३०८६४२१ येतात, आणि त्यात दहाही अंक एकेकदाच आहेत, म्हणून तीही स्थिर. तिसरी ९९७५०८४२०१. पण सगळे नंबर स्थिर संख्येवर पोहोचतीलच असं नाही. ८६५५२६४४३२, ६४३१०८८६५४, ८७३२०८७६२२ ही तिघांची फेरी आहे. तिच्यात सापडलेला नंबर जन्मभर फिरत राहील. वर्गातल्या काहींनी घरच्यांचे नंबर घातले. निकाल मी विचारले नाहीत.

म्हणजे ‘सगळ्या संख्या एका ठिकाणी येतात’ असा काही नियम नाही. तीन आणि चार अंकांना ते जमून गेलं. शिवाय हे सारं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. पाचाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या चार घरांत ३०३२ ही संख्या अशी स्वतःवर थांबते.

इथेच हार्डींचा आक्षेप आठवतो. रामानुजनना केंब्रिजला बोलावणाऱ्या जी. एच. हार्डींनी १९४० साली ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणं दिली होती. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत. हार्डींचं म्हणणं, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला ओढ लागावी असं त्यांत फारसं काही नाही. शेरा ६१७४ वर नव्हता, पण लागू करायचा तर तिलाही होतो. मला तो अर्धा पटतो. अंकांच्या मांडणीवर उभी असलेली गोष्ट पद्धत बदलली की कोसळते, हे खरंच.

उरलेला अर्धा का पटत नाही, त्याला ६१७४ चीच एक दुसरी बाजू कारण आहे. तिच्या अंकांची बेरीज १८. ६१७४ ला १८ ने नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच हर्षद हे नाव दिलं. भागाकार येतो ३४३, म्हणजे ७ चा घन. आणि ३४३ म्हणजे १ + १८ + ३२४, म्हणजे १ + १८ + १८². गुणून टाका: ६१७४ = १८ + १८² + १८³. ही जुळणी दहाच्या पद्धतीवर अवलंबून नाही. १ पासून सुरू करून एखाद्या संख्येचे घात ओळीने मिळवत जायचं, निदान तीन पदं, आणि बेरीज पूर्ण वर्ग, घन किंवा वरचा घात यायला हवी, हा नागेल आणि ल्युंगग्रेन या नॉर्वेजियन गणितज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा गंभीर प्रश्न आहे. त्याची आजवर तीनच उत्तरं माहीत आहेत. १ + ३ + ९ + २७ + ८१ = ११². १ + ७ + ४९ + ३४३ = २०². आणि तिसरं आपलं, १ + १८ + ३२४ = ७³. चौथं नाही असा अंदाज आहे, पूर्ण सिद्धता अजून नाही. वजाबाकीच्या खेळाचा या समीकरणाशी संबंध मला तरी दिसत नाही, योगायोगच म्हणायचा. पण कोड्यांच्या सदरातली संख्या असल्या घरात निघते, याची मजा वाटते.

दोरी

एक काम राहिलं होतं. स्थिर संख्या एकच आहे एवढ्याने भागत नाही. पाच अंकींसारखी एखादी फेरी चार अंकींत लपली नसेल कशावरून? ५४ उत्तरांचे अंक उतरते लावले की बरीच सारखी निघतात (४१७६ आणि ६१७४ दोन्ही ७६४१) आणि ३० गट उरतात. तीस पाठकोऱ्या चिठ्ठ्या केल्या. वर्गात आडवी दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे एका मुलाने घरून आणले, आणि कुठल्या चिठ्ठीवरून कुठे जायचं याचे लोकरीचे धागे बांधले. तासभर गोंधळ झाला. एक धागा चुकून उलटा बांधला गेला आणि चार मुलांना काही क्षण फेरी सापडल्याचा आनंद झाला.

सरळ केल्यावर झाडासारखं काहीतरी लोंबत राहिलं. फेरी कुठेच नव्हती. ७६४१ च्या चिठ्ठीकडे बाहेरून तीनच धागे येत होते, ६६४२, ७५३३ आणि ८५३२ कडून. तिचा स्वतःचा धागा स्वतःलाच गाठ मारून. तीसपैकी तेरा चिठ्ठ्यांकडे एकही धागा येत नव्हता. तिथून फक्त निघता येतं, तिथे परत येता येत नाही. मुलं त्यांना फांदीची टोकं म्हणत होती.

९९९० ची चिठ्ठी त्या तेरांपैकी एक. निदान दोन नऊ असलेल्या पाच चिठ्ठ्यांत तीच एकटी टोकाला. म्हणजे खेळ सुरू झाल्यावर मध्येच कुणाला ०९९९ भेटणार नाही. जे ६८ पहिल्या वजाबाकीत तिथे पडतात, तेवढेच; बाकी कुणी त्या रस्त्याने जात नाही. २१२२ वालीने ती चिठ्ठी खाली काढली, ९९९० च्या शेवटच्या शून्याभोवती लाल पेनने गोल केला आणि पुन्हा चिमट्यात अडकवली.